एका माणसाचं रेशनकार्ड

आमच्या धाकट्याच्या खुर्चीला कायम एक पिशवी अडकवलेली असते. मंचरच्या एका साडीच्या दुकानाची कापडी पिशवी आहे ती, आपाच्या मुलीच्या लग्नातली. तिच्यात सतरा कागद आहेत. शाळा सोडल्याचा दाखला, आधारकार्ड, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स, दिव्यांगत्वाचा जुना दाखला, नवा दाखला, रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचे चार वर्षांचे चार दाखले, एकच माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि असंच बाकीचं. सगळ्यांत खाली प्लास्टिकच्या पाकिटात एक रेशनकार्ड आहे. त्याच्यावर फक्त एकच नाव आहे. ते नाव तिथं एकटं कसं गेलं, ते सांगायचं आहे.

आम्ही जुन्नरचे. जुन्नर म्हटलं की लोक शिवनेरी म्हणतात, लेणी म्हणतात, द्राक्षं म्हणतात. आमची नानी मात्र कागद म्हणायची. इथल्या कागदी लोकांनी हातानं बनवलेला जुन्नरी कागद एके काळी पेशव्यांच्या दप्तरात जायचा. नानीच्या माहेरी चिंध्या कुटण्याचं, लगदा करण्याचं काम होतं म्हणे. तिच्या लहानपणीच ते संपत आलं होतं. धाकट्याच्या कागदांसाठी आम्ही पहिल्यांदा धावपळ सुरू केली तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, "आपल्या पुरख्यांनी कागद बनवून विकला, आता तो वसूल होतोय." तेव्हा आम्ही हसलो होतो.

धाकटा १९७४ चा. दोन वर्षांचा असताना त्याला ताप आला आणि उतरताना त्याचे दोन्ही पाय घेऊन गेला. पल्स पोलिओची मोहीम देशात १९९५ साली आली. तोवर तो एकवीस वर्षांचा होऊन घड्याळाच्या टपरीत बसायलाही लागला होता. अब्बांचं सायकलचं दुकान होतं. त्यांनी विचार केला, की उभं राहायला न लागणारा हुनर याला दिला पाहिजे. म्हणून डोळ्याला भिंग लावून, चिमट्यानं बारीक चाकं उचलायला तो शिकला. एचएमटीची घड्याळं त्याच्याकडे नारायणगावहून, ओतूरहूनही यायची. मग मोबाइल आले. लोक वेळ फोनवर बघायला लागले. आता त्याच्याकडे येतं ते सेल बदलण्याचं काम, नाहीतर लग्नात मिळालेलं घड्याळ पट्ट्यासाठी.

पेन्शनचा विषय आमच्या घरात कित्येक वर्षं निघाला नाही, आणि त्यात सरकारचा दोष नव्हता. योजना होतीच. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली, बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना. अंतुलेसाहेब म्हटलं की लोकांना सिमेंट आठवतं. आमच्या अब्बांना ही योजना आठवायची, आणि ते ती अभिमानानं सांगायचे, की आपल्या माणसानं गरिबांसाठी असं काही केलं. पण स्वतःच्या मुलासाठी अर्ज? ते नाव काढायचे नाहीत. अम्मी तर सरळ म्हणायची, "खैरात नक्को हमें. उसके भाई हैं, बहन है."

गंमत अशी, की खैरात येतच होती. दर रमजानमध्ये सत्ताविसाव्या रोज्याच्या आसपास मोहल्ल्यातले एक-दोन सधन लोक टपरीवर यायचे, सलाम करायचे आणि हात मिळवताना नोट त्याच्या तळहातात ठेवायचे. देणाऱ्यांची नियत साफ होती. जकात देताना घेणाऱ्याचा मान राखावा, म्हणून ते मूठ मिटून द्यायचे. धाकटाही मूठ मिटूनच घ्यायचा. पण त्या दिवशी तो संध्याकाळी कोणाशी बोलायचा नाही. आम्हाला हे दिसायचं. आम्ही त्यावर काही केलं नाही.

अब्बा गेले, २०१८ मध्ये अम्मी गेली. तिच्या चाळिसाव्याला आपा मंचरहून आली होती. जेवणं झाल्यावर धाकटा सगळ्यांसमोर म्हणाला, "मेरे नाम का जो है, वो मंगाओ." असा विषय त्यानं पहिल्यांदाच काढला होता.

पहिला कागद दिव्यांगत्वाचा. त्याच्याकडे जुना दाखला होता, १९९५ च्या कायद्याच्या काळातला, तीन डॉक्टरांच्या सह्यांचा, घडीवर फाटलेला. तो चालेना, ऑनलाइन नोंद असलेला नवा लागेल असं कळलं. म्हणजे शहरातला सरकारी दवाखाना, तपासणीचा ठरलेला वार, पहाटेची जीप. तिथं एका दवाखान्यात आम्हाला पहिल्या खेपेला तीन तासांनी कळलं, की हाडांचे डॉक्टर आज नाहीत. दुसऱ्या खेपेला होते. त्यांनी पाय वाकवून पाहिले, टेपनं मापले, आणि ७० टक्के लिहिलं. परत येताना जीपमध्ये धाकटा म्हणाला, "मतलब तीस टक्का मैं अच्छा हूँ." त्यावर काय बोलावं ते आम्हाला सुचलं नाही.

या टक्क्यांचा अर्थ आम्हाला तेव्हा समजला. आपल्यापैकी पुष्कळांना तो ठाऊक नसतो, म्हणून सांगतो. राज्याच्या संजय गांधी योजनेला किमान ४० टक्के पुरतात. वय १८ ते ६५ आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य लागतं. पासष्टीनंतर माणूस श्रावणबाळ योजनेत जातो. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ ची. तिला ८० टक्के लागतात आणि घर दारिद्र्यरेषेखालचं असावं लागतं. तिच्यात दिल्लीहून येतात महिन्याला ३०० रुपये. हा आकडा २०१२ पासून हललेला नाही, वरची भर राज्य घालतं. धाकटा ७० टक्क्यांचा, म्हणजे दिल्लीच्या हिशोबानं पुरेसा लुळा नाही. मुंबईच्या हिशोबानं आहे.

दुसरी अडचण नावाची. शाळेच्या दाखल्यावर 'शेख' पहिलं, आधारकार्डावर शेवटी. एका ठिकाणी अब्बांच्या नावापुढे 'भाई' जोडलेलं, दुसरीकडे नाही. पासबुकात तर इंग्रजी स्पेलिंगच निराळं. आपल्या घरांत हे सर्रास असतं. नाव सांगणाऱ्यानं एका बोलीत सांगितलं, लिहिणाऱ्यानं दुसऱ्या बोलीत ऐकलं आणि तिसऱ्या लिपीत लिहिलं. बोलावताना ते चालून जातं, पण आधारला जोडलेल्या खात्यात पैसे थेट पाठवायचे म्हटले की एका अक्षरावर अडतात. मग प्रतिज्ञापत्र: ही तिन्ही नावं एकाच इसमाची असून तो इसम मीच आहे. आपले कागद आपल्याला आधी जुळवून घेता येतात. आधार, पासबुक आणि दाखला शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर पाहावं. आम्ही ते उशिरा केलं.

पण हे सगळं पायपिटीचं होतं, पायपीट करून झालं. अडलो आम्ही उत्पन्नावर.

दाखला लागतो तो कुटुंबाच्या उत्पन्नाचा. बाकीच्या निराधारांना वर्षाला २१,००० रुपयांची मर्यादा. दिव्यांगांसाठी ती ५०,००० आहे. आमच्या रेशनकार्डावर अब्बांच्या वेळेपासून सगळ्यांची नावं एकत्र होती: दोन भाऊ, भावजया, मुलं आणि धाकटा. एक भाऊ एसटीत, एकाचं अब्बांचंच दुकान, आता मोटारसायकलींचं. पन्नास हजारांत बसण्याचा प्रश्नच नव्हता. खिडकीवरच्या बाई भल्या होत्या. त्यांनी कार्ड पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "यांचं नाव कमी करून घ्या. वेगळं कार्ड काढा. मग होईल."

नाव कमी करणे हा तिकडचा नेहमीचा शब्द आहे. मुलगी सासरी गेली की नाव कमी करतात, माणूस गेला की नाव कमी करतात. अम्मीचं नाव आम्ही दोनच महिन्यांपूर्वी कमी करून आलो होतो. त्याच खिडकीवर, तसल्याच अर्जावर आता जिवंत भावाचं नाव लिहायचं होतं.

त्या रात्री घरात वाद झाला. आपा फोनवर ओरडत होती, "निराधार कायकू लिखना? हम सब मर गए क्या?" तिचं म्हणणं, पाहिजे तर मी दर महिन्याला हजार रुपये पाठवते, पण हा शब्द लिहू नका. एक भाऊ म्हणाला, हे खोटं आहे, आणि खोट्या कागदावरचा पैसा हलाल कसा? दुसरा म्हणाला, खोटं काय त्यात? चाळीस वर्षांत त्याच्या हातात त्याचा म्हणून किती पैसा आला? औषध पाहिजे तरी तो आपल्याकडे बघतो. निराधार तो आहेच, फक्त आपल्याला तसं म्हणायला आवडत नाही. हे ऐकल्यावर कोणी काही बोललं नाही. धाकटा तिथंच बसला होता. शेवटी तो म्हणाला, "शब्द उनका है. पैसा मेरा रहेगा. लिखो."

आम्ही लिहिलं. पण भावाचं बोलणं मनात राहिलं होतं, म्हणून एक केलं. टपरीच्या मागे जी खोली आहे तिथं त्याचा पलंग आधीपासून होता. तिथं एक स्टो, पातेलं आणि दोन कप नेऊन ठेवले. वेगळी चूल म्हणतात ती खरोखरच असावी. त्या स्टोवर जेवण कधी शिजलं नाही, जेवण आजही आमच्याच घरातून जातं. पण फजरच्या अजानला तो उठतो आणि स्वतःचा चहा स्वतः करतो. आधी तो आमची कोणाची तरी झोप संपायची वाट पाहायचा. हेसुद्धा आम्हाला तेव्हाच कळलं.

दरम्यान एक गृहस्थ भेटले, तीन हजारांत सगळं करून देतो म्हणणारे. असे गृहस्थ प्रत्येक तालुक्यात असतात. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत द्यायचा असतो, सेतू किंवा महा-ई-सेवा केंद्रातूनही भरता येतो. मंजुरी तालुक्याच्या समितीच्या बैठकीत होते, आणि बैठक होईपर्यंत पैसे देऊनही ती लवकर होत नाही. पोच घ्यावी, तिची तारीख जपावी. आम्ही त्या गृहस्थांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

२०१९ च्या अखेरीस मंजुरी आली. त्याच वर्षी रक्कम महिन्याला ६०० वरून १,००० झाली होती. २०२३ साली ती १,५०० झाली. पैसे कधी महिन्याला येत, कधी तीन महिन्यांचे एकदम. पहिल्यांदा आले तेव्हा धाकट्यानं पासबुक भरून आणायला सांगितलं आणि डोळ्याला भिंग लावून ती ओळ वाचली. भिंगाची गरज नव्हती.

त्यानंतर काय झालं, तर त्याची टपरी हेच एक कार्यालय होऊन बसलं. जुम्म्याच्या नमाजीनंतर लोक पिशव्या घेऊन येतात. केवळ आपल्या मोहल्ल्यातलेच नाहीत, पेठेतले, वाडीतले, सगळे. तो त्यांना ठरलेल्या क्रमानं विचारतो: पहिल्यांदा टक्का, मग वय, मग पंधरा वर्षं, मग उत्पन्न, सगळ्यांत शेवटी नावाची अक्षरं. जो मध्येच रडगाणं सुरू करतो त्याला म्हणतो, "दुख बाद में, पहले कागज."

दोन वर्षांपूर्वी आपाच्या जावेच्या मुलीसाठी आम्ही त्याला रिक्षानं आंबेगाव तालुक्यात नेलं. मुलगी वीस वर्षांची, बुद्धीनं चार वर्षांची, दाखल्यावर ९० टक्के. राहतात मंचरला. मंचर मोठं, पुणे-नाशिक रस्त्यावरचं, पण तहसील घोडेगावात. आणि ज्याच्या नावानं तालुका, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. धाकट्याला याचं फार हसू आलं. म्हणाला, "तालुक्याचंच नाव कमी केलंय."

तिथं बाकावर शेजारी एक म्हातारे बसले होते, डिंभ्याच्या वरच्या अंगाचे, आहुप्याच्या बाजूचे महादेव कोळी. सोबत नातू, दोन्ही डोळ्यांनी अधू. हिरड्याच्या दिवसांत काम बुडवून ही त्यांची तिसरी खेप होती. एकदा आजोबांच्या अंगठ्याचा ठसा यंत्रानं घेतला नाही, एकदा रेंज नव्हती. त्यांचं बोट आम्ही पाहिलं. रेषा झिजून गेल्या होत्या. धाकट्यानं त्यांची पिशवी मागून घेतली, मांडीवर कागद लावले आणि सांगितलं, की नातवाचं वय दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं आहे, आधी हे दुरुस्त करा, नाहीतर चौथी खेपही जाईल. म्हाताऱ्यांनी विचारलं, "तुमी हितं कामाला का?" तो म्हणाला, "नाही बाबा, मी निराधार." दोघंही हसले. आपा तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिली.

परत येताना धाकट्यानं हिशोब मांडला. हिशोबाचा त्याला नाद आहे. ५०,००० वर्षाला म्हणजे दिवसाला १३७ रुपये. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये होती. म्हणजे घरातल्या एकाच माणसाला वर्षात १६९ दिवस काम मिळालं, तर त्या घरातला अपंग सरकारी अर्थानं निराधार राहत नाही. त्यापेक्षा गरीब असेल तर मिळेल, नाहीतर खोटं लिहील तर मिळेल. सरकार लोकांना खोटं लिहायला भाग पाडतं आणि मग खोटेपणा शोधायला पडताळणी लावतं. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, तिला घराची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आणि रक्कम तीच, १,५००. बहिणींना मिळालं याचा आम्हाला आनंदच आहे, आमच्या घरातही मिळालं. पण चालत्याफिरत्या माणसाला अडीच लाखांची सवलत आणि न चालणाऱ्याला पन्नास हजारांची, हे गणित आम्हाला कोणी समजावलेलं नाही.

कायदा तर उलट सांगतो. १९९५ च्या कायद्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या चोविसाव्या कलमात म्हटलंय, की सामाजिक सुरक्षेच्या योजनेत इतरांना जेवढं मिळतं त्यापेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के जास्त मिळावं. आपल्याकडे विधवेला आणि दिव्यांगाला कित्येक वर्षं सारखंच मिळत राहिलं. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातं निघालं, देशात पहिलं म्हणून त्याचं कौतुक झालं. रक्कम मात्र हलली ती ऑक्टोबर २०२५ पासून: २,५००. त्याआधी जूनमध्ये बच्चू कडू मोझरीला उपोषणाला बसले होते, त्यांची मागणी ६,००० ची. सहा हजार ऐकून आमच्या इथले लोक हसायचे. आंध्रात जुलै २०२४ पासून ६,००० आहेत, तेलंगणात ४,०१६. धाकट्यानं हे आकडे टपरीच्या काचेवर खडूनं लिहून ठेवले होते. पावसात पुसले गेले.

आपाचा राग अजून पुरता गेलेला नाही. ती आली की आधी त्याच्या खोलीत जाऊन स्टो घासून ठेवते आणि डबा उघडून त्याच्यासमोर बसते. जेवला नाही तर म्हणते, "निराधार है ना, खा." दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. माणूस जिवंत आहे हे त्यानं स्वतःच दाखवायचं. त्या दिवशी ती मंचरहून मुद्दाम येते आणि त्याच्या रिक्षात बसते. का, ते ती सांगत नाही. आम्हीही विचारत नाही.

त्या वेगळ्या रेशनकार्डावर एक रकाना आहे, कुटुंबप्रमुखाचा. कार्ड एका माणसाचं, म्हणून प्रमुखही तोच. पहिल्यांदा ते पाहून तो म्हणाला होता, "लो, अब हम भी घर के बड़े." आम्ही ते थट्टेवारी नेलं.

मागच्या रमजानमध्ये आमच्यातला थोरला घरातल्या माणसांची डोकी मोजत होता, फित्र्यासाठी. अब्बांच्या वेळेपासून धाकट्याचा फित्रा आम्हीच काढतो. त्यानं टपरीतूनच हाक मारली, "मेरा मत गिनना." संध्याकाळी त्यानं खुर्ची मशिदीपर्यंत ढकलत न्यायला लावली आणि मौलानांच्या हातात पाकीट दिलं. मौलाना त्याला लहानपणापासून ओळखतात. ते अवघडले, म्हणाले, "आप पर वाजिब नहीं है, मियाँ."

"मालूम है," तो म्हणाला, आणि खुर्ची वळवायला सांगितली.